पाठमोऱ्या चित्रकाराचे उत्तर

त्या पत्राला चित्रकारांनी उत्तर दिले नाही, असे सरळ म्हणणे थोडे अन्यायाचे होईल. उत्तर लिहायला ते पुष्कळदा बसले होते. 'आपले पत्र मिळाले' इथपर्यंतचा मजकूर तर त्यांना तोंडपाठ होता. त्याच्या पुढे काय लिहायचे याचा विचार करता करता पेनातली शाई वाळायची, कपातला चहा निवायचा, आणि बायको दारातून डोकावून म्हणायची, "अहो, मिळालं एवढं तरी कळवून टाका बाईंना. निदान पोस्टमनवरचा आळ तरी टळेल."

पत्र हेडमास्तरीणबाईंचे होते. हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना त्यांचेच रंगीत चित्र भेट दिले होते, आणि ते चित्रकारांनी काढले होते. हेडमास्तरांना चित्र इतके आवडले की ते रोज दाढी झाली की त्याच्यासमोर उभे राहत आणि "वा!" म्हणत. पुढच्याच वर्षी बिचारे वारले. त्यानंतर काही महिन्यांनी बाईंचे पत्र आले.

'चित्र फार सुंदर आहे,' बाईंनी लिहिले होते. 'कोट तर असा उतरला आहे की काढून इस्त्रीला द्यावा. नाक, कान, टक्कल, सगळे त्यांचेच आहे. पण मी समोर बसते आणि ते माझ्याकडे बघून हसतात, तेव्हा हे गृहस्थ मला ओळखीचे वाटत नाहीत. मुलगी म्हणते, आई, चित्र हुबेहूब आहे, तूच बाबांचा चेहरा विसरत चालली आहेस. हे मला सहन होत नाही. म्हणून विचारते. चूक चित्रात आहे की माझ्या आठवणीत? चित्रात असली तर संकोच न करता कळवावे. मला फार बरे वाटेल.'

आपल्या चित्रात चूक निघावी अशी इतक्या मनापासून इच्छा करणारे गिऱ्हाईक चित्रकारांना आयुष्यात दुसरे भेटले नव्हते. बाईंचे समाधान करायला ते एका पायावर तयार होते. पण चूक सापडली तर ना! त्यांनी हेडमास्तरांचे कोळशाने काढलेले कच्चे चित्र बाहेर काढले, दोऱ्याने नाकाची लांबी मोजली, दोन डोळ्यांतले अंतर मोजले, टकलाचा घेरसुद्धा मोजला. सगळे जिथल्या तिथे होते. शाळेच्या ग्रुप फोटोशी ताडून बघावे म्हटले, तर त्यात हेडमास्तरांचे डोके वाटाण्याएवढे, आणि फोटोत हसणे त्यांच्या शिस्तीत बसत नसल्यामुळे चेहरा असा, की वाटाणासुद्धा त्याहून आनंदी दिसावा.

म्हणजे चूक चित्रात नव्हती. मग ती बाईंच्या आठवणीत होती, असे कळवायचे? नुकत्याच एकट्या पडलेल्या बाईला? चित्रकारांना तेवढे धैर्य नव्हते. बरे, 'चूक माझीच' असे खोटेच लिहून द्यावे, तर बाईंचे पुढचे पत्र येणार, 'कुठली?' बाईंनी स्वतः बरीच वर्षे गणित शिकवले होते. त्या रीत लिहून मागणार हे उघड होते.

तेव्हा चित्रकारांनी ते पत्र कामाच्या खोलीतल्या मोठ्या आरशाच्या चौकटीत खोचून ठेवले. रोज नजरेसमोर राहील, म्हणजे एक दिवस सुचेल. पत्र रोज नजरेसमोर राहिले. पिवळे पडले. त्याच्या एका कोपऱ्याला निळा रंग लागला, दुसऱ्याला हिरवा. सुचले मात्र काही नाही.

आता हा आरसा चित्रकाराच्या खोलीत काय करत होता, हे सांगायला हवे, कारण चित्रकारांचा सगळा नावलौकिक त्या आरशावर उभा होता.

चित्रकारांच्या वडिलांचे आरसे आणि फ्रेमचे दुकान होते. मुलगा चित्रे काढतो म्हटल्यावर वडिलांनी डोक्याला हात लावला नाही की आकाशपाताळ एक केले नाही. "काढ," ते म्हणाले. "चित्र कोणी घेतलं नाही, तर आतलं काढून टाकू आणि फ्रेम विकू." वडिलांचा स्वभाव असा धीर देण्याचा होता.

मुलाचा हात चांगला होता. डोंगर, नदी, झाडे, चिखलाचा रस्ता, काहीही समोर आले की कागदावर उतरायचे. अडचण एकच होती, आणि ती फार अडचणीची होती. माणूस समोर बसला की चित्रकार लाजायचे. लहानपणी आईने बजावले होते, लोकांकडे टक लावून बघू नये. ते एवढेच त्यांच्या अंगी पुरते भिनले होते. चित्रशाळेत पहिल्यांदा एका म्हाताऱ्या रखवालदाराला समोर बसवले, तेव्हा त्याने चित्रकारांकडे बघितले, चित्रकारांनी त्याच्याकडे बघितले, आणि तासाभराने कागदावर फक्त त्याच्या चपला होत्या. मास्तर म्हणाले, "चपला बोलक्या आहेत. बाकीचा माणूस कुठे गेला?"

म्हणून चित्रकार देखाव्यांकडे वळले. देखाव्यांचे त्यांना हेच आवडे की डोंगर उलटून बघत नाही. 'झालं का?' असे विचारत नाही. 'नाक जरा बारीक करा' असे सुचवत नाही. एकदाच एका माळावर चित्र काढत असताना एक गाय येऊन उभी राहिली आणि एकटक त्यांच्याकडे बघू लागली. चित्रकारांना घाम फुटला. शेवटी ते उठले, तिला पाठ करून बसले आणि समोर जे काही होते ते रंगवले. समोर एक पडकी भिंत होती. ते चित्र त्यांच्या उत्तम चित्रांत गणले जाते.

पण देखाव्यांवर घर चालेना, आणि तोवर घरात बायको आली होती. ती मुळात वडिलांच्या दुकानात आरसा घ्यायला म्हणून आली होती. चित्रकारांनी तिला पहिल्यांदा बघितले ते त्याच आरशात, आणि आरशात असल्यामुळे बराच वेळ बघू शकले. पुढे लग्न ठरले तेव्हा वडील म्हणाले, "आरसा आता फुकट द्यावा लागणार." तो आरसा तिच्याबरोबर पुन्हा याच घरात आला.

माणसाचे चित्र काढायचे पहिले काम आले ते लाकडाच्या वखारवाल्याचे. गडी आडदांड, मिशा झुपकेदार, आणि बसला तो हाताची घडी घालून, थेट चित्रकारांच्या डोळ्यांत डोळे घालून. पहिल्या बैठकीत चित्रकारांनी जाकीट रंगवले. दुसऱ्या बैठकीत जाकिटाची बटणे रंगवली. तिसऱ्या बैठकीला, आता गळ्याच्या वर जाण्यावाचून गत्यंतर नाही असे दिसल्यावर, ते खिडकी उघडण्याच्या निमित्ताने वळले. भिंतीशी बायकोचा आरसा होता. त्यात वखारवाला दिसत होता. आणि नवल म्हणजे वखारवाला चित्रकारांकडे बघत नव्हता. आरसा दिसल्याबरोबर तो जगाला विसरला होता. मिशीचे एक टोक वर करत होता, मग दुसरे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असे काही प्रसन्न भाव उमटले होते, की जन्मात उमटले नसतील.

चित्रकारांनी कॅनव्हाससकट तिवई उचलली, वखारवाल्याला सरळ पाठ केली आणि आरशात बघून भराभर रंगवायला लागले.

"हे काय?" वखारवाला म्हणाला. "माझ्याकडे पाठ का केलीत?"

बायको कोपऱ्यात स्टुलावर बसून लोकर विणत होती. ती डोळेही वर न करता म्हणाली, "ती पद्धतच आहे. मोठे चित्रकार असंच काढतात."

"कुठले मोठे?"

"बरेच मोठे," बायको म्हणाली. "तुम्ही मिशीकडे लक्ष द्या. डावीकडची जरा उतरलीय."

वखारवाल्याने लक्ष दिले. चित्र झाल्यावर तो हरखून गेला. "अगदी मी!" म्हणाला. फक्त त्याची आई चित्राजवळ गेली, मागे आली, पुन्हा जवळ गेली, आणि म्हणाली, "माझ्या लेकाचा भांग या बाजूला कधी नव्हता."

वखारवाला म्हणाला, "मला तर बरोबर वाटतोय." ते खरेच होते. तो रोज तसाच बघत होता. पण चित्रकार मनात चरकले. आरशात उजव्याचे डावे होते ही गोष्ट आरशाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला माहीत नसेल असे नाही, घाईत राहून गेली होती. त्यांनी भांग बदलून दिला, आणि त्या दिवसापासून चोख बंदोबस्त ठेवला. भांग, तीळ, चामखीळ, कानातली बाळी, जे काही एका बाजूचे असेल ते आधी कॅनव्हासच्या कडेला कोळशाने टिपून ठेवायचे आणि रंगवताना आठवणीने बाजू बदलायची. कपडे तर ते आरशात बघून काढतच नसत. कोट लाकडी सांगाड्यावर चढवायचा आणि समोरासमोर रंगवायचा, कारण कोटाला कोणी लाजत नाही. झाले. आता चुकायला जागाच नव्हती. निदान चित्रकारांना तसे वाटत होते.

धंद्याने असे काही मूळ धरले की चित्रकारांचाच विश्वास बसेना. गिऱ्हाइकाकडे पाठ करून त्याचे तोंड काढणारा माणूस, ही गोष्ट तोंडातोंडी पसरली. त्यांचे नावच 'पाठमोरे' पडले. वर्तमानपत्रात कोणी तरी लिहिले की हा कलावंत माणसाच्या बाह्य रूपाकडे पाठ फिरवून त्याच्या अंतरंगाशी समोरासमोर उभा राहतो. बायकोने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाली, "अंतरंगाशी उभं राहताना लाज वाटत नाही वाटतं?" पुढे तर चित्रशाळेत पाठमोऱ्या शैलीचा एक तास सुरू झाला. तिथे अर्धा वर्ग मॉडेलकडे पाठ करून उभा असतो म्हणे. मॉडेल झोपते, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही.

ज्याचे चित्र तो नेहमी खूष. "अगदी मी!" हे शब्द चित्रकारांनी इतक्या वेळा ऐकले की त्यांना ते चित्र संपल्याची घंटा वाटू लागले. घरच्यांचे मात्र वेगळे असायचे. नगरसेवकाची बायको मान वाकडी करून बघायची. डॉक्टरीणबाईंचा नवरा चष्मा काढायचा, पुसायचा, लावायचा. "छान आहे," सगळे म्हणायचे. मग थोडे थांबून, "पण..." आणि पुढे काहीच नाही.

"त्या 'पण'चं काय करायचं?" चित्रकार काळजीने विचारायचे.

"काही नाही करायचं," बायको म्हणायची. "बायकांना नवरा आणि नवऱ्यांना बायको चित्रात सुधारलेली हवी असते. तुम्ही आहे तशी काढता. दुसरं काय!"

एरवी पटले असते. पण आरशाच्या चौकटीतून हेडमास्तरीणबाईंचे पत्र बघत असायचे, आणि त्यांना सुधारलेले हेडमास्तर नको होते. त्यांना फक्त आपले हेडमास्तर हवे होते.

अशी वर्षे गेली. चित्रकारांचे केस पांढरे झाले, भुवयांतसुद्धा पांढरे आले. आता माणसांची कामे ते क्वचितच घेत. बहुतेक वेळ खिडकीशी बसून समोरची टेकडी रंगवत. टेकडीही आता बरीच थकलेली दिसे, पण तो कदाचित त्यांच्या चष्म्याचा दोष असेल.

एके दिवशी दुपारी बायको खोलीत आली, भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "ती पडकी भिंत आहे. टेकडी तर इथून तिथून आहे. वखारवाल्याच्या मिशांचा कच्चा नमुनासुद्धा लावलाय. मी कुठाय?"

"तू?" चित्रकार गोंधळले. "तू काय, तू इथेच आहेस."

"भिंतीवर म्हणतेय मी. साऱ्या गावाची तोंडं रंगवलीत. माझं एक काढावंसं नाही वाटलं?"

"अगं, तू रोजच दिसतेस."

"म्हणूनच म्हणतेय. रोज दिसणाऱ्या माणसाकडे बघतंय कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको ठेवणीतले कपडे घालून खुर्चीवर बसली. चित्रकारांनी सवयीने पाठ केली.

"घरच्या माणसालाही पाठच?" बायको म्हणाली.

"हात त्याच पद्धतीला बसलाय."

"बसू दे, बसू दे. इतकी वर्षं तुमच्या पाठीशीच बोलत आले, आता काय!"

इतर लोकांच्या बैठकीत बायको बोलायची आणि त्यांचे चेहरे खुलायचे. आता तीच बसली म्हटल्यावर बोलणार कोण, अशी चित्रकारांना चिंता होती. ती व्यर्थ ठरली. बायको आरशातल्या स्वतःशी बोलू लागली. शेजारीण कशी भांडते, जावई चहात साखर किती घेतो, सगळे तिने स्वतःला सांगितले, स्वतःचे पटले तेव्हा मान डोलावली आणि एकदा तर स्वतःलाच टाळी द्यायला हात पुढे केला. चित्रकारांनी मनापासून रंगवले. डाव्या गालावरचा तीळ आठवणीने योग्य बाजूला घेतला. इतका जीव ओतून त्यांनी नगराध्यक्षांचेही चित्र काढले नव्हते.

चित्र संपले. बायको उठून समोर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली, आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई! अगदी मी!"

चित्रकारही मागे सरकून तिच्याशेजारी उभे राहिले. त्यांनी चित्राकडे बघितले. मान वाकडी केली. चष्मा काढला, पुसला, लावला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण..."

"पण काय?"

"ही तू नाहीस."

"मग कोण आहे?"

चित्रकारांनी जे मनात आले ते सांगितले. तेवढे सांगायला नको होते. "तुझ्या थोरल्या बहिणीसारखी वाटतेय."

"कोण, माई?" बायको ताडकन वळली. "माई! जिनं माझा आधीचा आरसा नेला आणि तडा घालून परत दिला, ती माई? तिचं नाक बघितलंत का कधी नीट? साऱ्या जन्मात एक चित्र काढलंत माझं, आणि त्यात माईला बसवलीत?"

"अगं, बसवली नाही, ती... आपोआप..."

"आपोआप कशी येईल? घराबाहेर पडायचं तर तिला वर्ष लागतं!"

दुपारचा चहा आला. जेवणाच्या टेबलापाशी दोघे नेहमीसारखी समोरासमोर बसली होती. चित्रकार मान खाली घालून विचार करत होते. नाक बरोबर, कपाळ बरोबर, तीळ बरोबर. मोजायला दोरा आणावा तर आत्ताच्या हवेत तो दोरा गळ्याभोवती यायचा. सगळे तिचेच होते, आणि ती नव्हती. नाक, कान, टक्कल, सगळे त्यांचेच आहे. पण गृहस्थ ओळखीचे वाटत नाहीत.

आपण हेडमास्तरीणबाईंच्या खुर्चीत येऊन बसलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी कप खाली ठेवला. इतकी वर्षे त्यांनी ते पत्र चित्रकार म्हणून वाचले होते. आज प्रथमच ते घरचे माणूस होते. आणि एक गोष्ट त्यांना स्वच्छ माहीत होती. बायकोचा चेहरा ते विसरलेले नव्हते. तो विसरायला लागेल एवढी सवडच तिने कधी दिली नव्हती. म्हणजे आठवण ठीक होती. म्हणजे बाईंचीही ठीक असणार. चूक चित्रातच होती. पण कुठली?

"कपाकडे काय बघताय? त्यातही माई दिसतेय का?" बायको म्हणाली.

चित्रकारांनी वर बघितले. बायकोची भुवई वर गेली होती. दोन्ही नाही, एकच. ती नेहमी एकच जायची, आणि ती गेली की पुढे काय येते हे चित्रकारांना पक्के ठाऊक होते. संसारात त्यांनी डोंगर, ढग, पाऊस यांपेक्षा त्या भुवईचा जास्त बारकाईने अभ्यास केला होता. टेबलाच्या या बाजूने बघितले की ती खिडकीकडची भुवई. नेहमी खिडकीकडची. स्वयंपाकघराच्या बाजूची भुवई उभ्या आयुष्यात कधी हलली नव्हती, ती बिचारी गरीब स्वभावाची होती.

चित्रात स्वयंपाकघराकडची भुवई वर गेली होती.

चित्रकार उठले. खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचलली नाही. ते कामाच्या खोलीत गेले, ओले चित्र दोन्ही हातांनी उचलले आणि आरशासमोर धरले.

आरशात बायको होती. साक्षात. खिडकीकडची भुवई चढवलेली, ओठ मुडपलेले, आता बोलेल की मग बोलेल अशी. गालावरचा तीळ तेवढा भलत्या बाजूला गेला होता. पण तिळाकडे बघायला वेळ कोणाला होता! चित्रकारांच्या तोंडून सवयीने शब्द निघून गेले, "उचलतो, उचलतो खुर्ची."

"आधी उचला, मग म्हणा," खरी बायको दारातून म्हणाली.

मग चित्रकार बोलू लागले. ते सलग इतके कधीच बोलले नव्हते. भांगाची बाजू बदलली, तिळाची बदलली, चामखिळीची बदलली, पण माणूस हसतो कुठल्या बाजूने, भुवई चढवतो कुठली, त्याची बाजू बदलायची हे कोणाच्या डोक्यात आले? ज्याचे चित्र त्याला ते तसेच ओळखीचे, कारण तो स्वतःला आरशातच बघतो. आणि घरचे लोक बघतात टेबलाच्या पलीकडून! "सगळे! वखारवाला, नगरसेवक, डॉक्टरीणबाई, सगळे उलटे टांगलेत गावभर! आणि हेडमास्तर! ते हसायचे ते एकाच कोपऱ्याने. आठवतं तुला? इन्स्पेक्टरचा तो विनोद सांगून स्वतःच हसायचे. तो कोपरा मी दुसरीकडे नेऊन ठेवला!"

बायको हळूच येऊन आरशासमोर उभी राहिली. एकदा चित्राकडे बघितले, एकदा आरशात.

"आरशातली ही बया तर मला परकी वाटतेय," ती म्हणाली. "अशी दिसते मी तुम्हाला? इतकी वर्षं?"

"हो."

"बरीच चिडकी दिसते."

चित्रकारांनी चित्र आरशासमोरून बाजूला घेतले. पुष्कळ वर्षांच्या संसाराने त्यांना एवढे शिकवले होते.

आरशाच्या चौकटीत पत्र होते. उत्तराला इतकी वर्षे खेटून बसलेले, निळ्या-हिरव्या कोपऱ्यांचे. चित्रकारांनी ते बाहेर काढले आणि त्यांचा उत्साह एकदम मावळला.

"आता काय उपयोग?" ते म्हणाले. "बाई असतील का तरी?"

"न असायला काय झालं! मुलीकडे राहतात. दरवर्षी माझं पत्र जातं त्यांना."

"तुझं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगून तुम्ही 'आपले पत्र मिळाले' एवढंच लिहिणार होतात."

"चित्राबद्दल काही लिहितात का?"

बायकोने पत्राच्या कोपऱ्यावरचा निळा रंग नखाने खरवडला. "आतल्या खोलीत ठेवलंय म्हणतात. आपण विसरलो, असं समजून बसल्यात. वय झालं, चालायचंच, असं लिहितात. तुमची चौकशीही करतात. म्हणतात, चित्रकारांनी उत्तर दिलं नाही तेव्हाच समजले, सज्जन माणूस आहे, मला दुखवायचं नसेल."

चित्रकार खाली बसले. आपल्या न लिहिण्यानेच बाईंना उत्तर दिले होते, आणि तेही चुकीचे, हे त्यांना आजवर सुचले नव्हते. त्यांनी कागद ओढला.

पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात प्रकाशाचे परावर्तन होते, रखवालदाराच्या चपला होत्या, आईची शिकवण होती, गायसुद्धा होती. बायकोने उभ्या उभ्या वाचला.

"बाईंनी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय! ही गाय कशाला?"

"पार्श्वभूमी म्हणून."

"देखावा नाहीये हा. काढा ती."

गाय काढली. मग चपला गेल्या. प्रकाशही बराच कमी झाला. चित्रकारांनी शेवटच्या कागदावर लिहिले:

'आपले पत्र मिळाले. चूक चित्रात आहे. आपल्या आठवणीत नाही. मी हेडमास्तरांना आरशात बघून रंगवले, त्यामुळे त्यांचे हसू ओठांच्या दुसऱ्या कोपऱ्याला गेले आहे. चित्रासमोर एक आरसा धरावा आणि त्यात बघावे. ते तिथे आहेत. फक्त कोटाचा खिसा उलट्या बाजूला दिसेल, तेवढी क्षमा असावी. उत्तराला उशीर झाला.'

"थोडा उशीर झाला, असं लिहू का?" त्यांनी विचारले.

"थोडा नका लिहू. बाई गणिताच्या आहेत."

"आणि बाकीच्यांचं काय? वखारवाल्याला कळवायला हवं. चित्रशाळेलाही. तिथे मुलं शिकतायत ती शैली..."

"बाकीच्यांनी विचारलंय का?"

"नाही."

"मग? एका दिवसात किती जणांना सुलटं करणार? शैली शिकू दे मुलांना. मॉडेलला तेवढीच झोप मिळते."

पाकिटावर पत्ता बायकोने सांगितला, चित्रकारांनी लिहिला. आपण आत्ता गेलो नाही तर उद्या आणखी एक वाक्य सुचेल, परवा आणखी एक, आणि पाकीट पुन्हा चौकटीत जाईल, हे दोघांनाही माहीत होते. म्हणून अंगावरच्या रंगाच्या डागांसकट ते तसेच निघाले. कोपऱ्यावर, शिंप्याच्या दुकानापुढे, लाल पेटी होती. शिंपी मशीनवरून मान वर करून बघत होता, त्याच्या दारातले गिऱ्हाईक बघत होते, आणि चित्रकार अलीकडेच थांबले.

"द्या इकडे, मी टाकते," बायको म्हणाली.

"नको. मीच."

ते पेटीपाशी गेले. मग काय झाले ते त्यांचे त्यांनाही कळले नाही, पण इतक्या वर्षांची सवय म्हणा, ते गर्रकन वळले, पेटीला पाठ करून उभे राहिले, आणि हात मागे नेऊन पाकिटाने चीर चाचपडू लागले. पाकीट पेटीच्या पत्र्यावर खरडत राहिले. शिंप्याने मशीन थांबवले.

"अहो," बायको म्हणाली, "तिचं चित्र नाही काढायचंय. निदान पेटीकडे तरी तोंड करा."

चित्रकारांनी वळायच्या आधी बायकोकडे बघितले. सरळ, भर रस्त्यात, शिंप्यादेखत. भुवई वर गेली होती. इथे खिडकी नव्हती की स्वयंपाकघर नव्हते, तरी ती बरोबर त्यांच्या ओळखीचीच होती.

"काय बघताय?" ती म्हणाली, आणि चक्क लाजली.

मग ते वळले, पेटीकडे तोंड केले आणि पत्र आत टाकले.